मांडी घालायच्या आधी: खेळत खेळत ध्यानाकडे

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरायच्या खोल्यांत, आम्ही आठ-दहा जण ध्यानाला बसतो. नवीन माणूस आला की त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: "ताई, डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो." दुसरी तक्रार गुडघ्यांची. माझी सुरुवातही अशीच झाली होती. खूप वर्षांपूर्वी एका शिबिरात पहिल्याच दिवशी पाऊण तास ताठ बसवलं. पायांना मुंग्या आल्या, तरी हलायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी परतले ती 'हे आपल्याला जमायचं नाही' असं ठरवूनच. पुढची चार वर्षं मी ध्यानाच्या वाटेला गेले नाही. ती चार वर्षं फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं. कुणाची तशी जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

मला परत आणलं ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीतल्या घुमटानं, आमच्याकडच्या मातीच्या तालवाद्यानं. आमच्याकडे मामेभाऊ घुमट वाजवायचा. त्या वर्षी त्याचा हात दुखावला होता, आणि घुमट माझ्या मांडीवर आलं. साधा ठेका लहानपणापासून बघून बघून येत होता, तेवढाच धरला. अर्धा तास आरत्या चालल्या. संपल्यावर लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात उद्याचा स्वयंपाक, बँकेचा हप्ता, कशाचीच आठवण झाली नव्हती. झोपही आली नव्हती. रोजच्यापेक्षा जास्त जागी होते मी.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ज्याचं मन बसत नाही त्याला आधी बसवू नये, खेळायला द्यावं.

आधी एवढं समजून घ्या

ध्यानासाठी एक आलंबन लागतं, म्हणजे मनाला धरायला एखादी वस्तू, आवाज, श्वास, काहीही. मन त्यावर ठेवायचं. ते निसटणार. निसटलं हे कळलं की न चिडता परत आणायचं. बस, एवढंच. पंधरा वेळा निसटलं आणि पंधरा वेळा परत आणलं, तर पंधरा वेळा सराव झाला असं समजा. नवख्या माणसाला वाटतं की मन गेलं म्हणजे ध्यान मोडलं. खरं तर 'गेलं' हे ज्या क्षणी कळतं, तोच क्षण कामाचा असतो.

आलंबन कोणतं घ्यायचं, यात आपले जुने लोक आपल्याला वाटतं तितके कडक नव्हते. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात, म्हणजे भागात, श्वासापासून स्वप्नातल्या अनुभवापर्यंत एकेक आलंबन सांगितलंय, आणि मग ३९वं सूत्र येतं: 'यथाभिमतध्यानाद्वा'. किंवा मग तुला जे आवडेल त्यावर ध्यान कर! काश्मीरच्या शैव परंपरेतल्या विज्ञानभैरव या ग्रंथात तर ११२ धारणा, म्हणजे मन एकाग्र करायच्या रीती, आहेत. त्यांत हलत्या आसनावर बसणं आहे, खोल विहिरीत डोकावणं आहे, तंतुवाद्याचा लांबत जाणारा नाद ऐकणं आहे, गोल गोल फिरून जमिनीवर पडणंसुद्धा आहे. त्यामुळे 'हे खेळ म्हणजे खरं ध्यान नव्हे' असं कुणी म्हटलं, तर मनावर घेऊ नका.

आणि आपल्या गोव्याला तर हे नवीन नाहीच. आषाढी एकादशी झाली की माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून मोठी मोठी माणसं चिखलात लोळतात, पोरांचे खेळ खेळतात, आणि ती देवाची सेवाच असते. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह श्रावणात चोवीस तास अखंड चालतो. पहाटे तीन वाजता भजनात टाळ धरून उभ्या असलेल्या माणसाला कुणी 'एकाग्र हो' म्हणून सांगावं लागत नाही.

तयारी

तयारी फारशी नाहीच. रोज पाच मिनिटं, एकच खेळ, तो निदान आठवडाभर. हा आठवडाभराचा नियम मात्र पाळा. रोज नवा खेळ घेतला की मनाला नवलाईची चटक लागते आणि परत येण्याचा सराव राहून जातो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ लावायची असेल तर स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पुरतं. मांडी घालणं जमत असेल तर घाला, नाहीतर खुर्ची, पायरी, ओसरीचा कठडा, काहीही चालेल. पोट तुडुंब भरलेलं नको.

पहिला आठवडा: कान

मी प्रत्येकाला घंटेपासून सुरुवात करायला सांगते, कारण त्यासाठी आधी काहीच येत असावं लागत नाही.

देवळात गर्दी नसेल अशी वेळ बघा, दुपारची बरी. घंटा एकदाच वाजवा, जोरात नको. उजव्या हाताचं बोट वर करा. आवाज ऐकू येतोय तोवर बोट वर, संपला की खाली. एवढाच खेळ. घरी करायचा असेल तर पूजेतली पितळी घंटा किंवा काशाची वाटी घ्या. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि चमच्यानं हलकेच टोला द्या. स्टीलची वाटी नको, तिचा नाद लगेच मरतो.

पहिल्या टोल्याला बोट चार-पाच सेकंदांत खाली येतं. दुसऱ्यांदा वाजवाल तेव्हा कळेल की आवाज तेवढ्यात संपलेला नसतो, आपण ऐकणं संपवलेलं असतं. मोठ्या नादाखाली एक बारीक, थरथरती रेघ राहते. तिच्या मागे जा. ती इतकी बारीक होत जाते की ऐकू येतेय की आठवतेय ते सांगता येत नाही. त्या जागी थांबा, बोट खाली करायची घाई नको. आमच्या अग्रशाळेत आम्ही हे एकत्र करतो तेव्हा बोटं वेगवेगळ्या वेळी खाली येतात, आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाचीचं बोट सगळ्यांच्या शेवटी. वय वाढतं तसे बारीक, उंच स्वर कानातून निसटायला लागतात, त्यामुळे हरल्यासारखं वाटून घेऊ नका. तुमच्या कानाला जिथवर जाता येतं तिथवर जा. पाच मिनिटांत सहा-सात टोले पुरे.

तीन-चार दिवसांनी हाच खेळ ओसरीवर आणा. सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, येतो तेव्हा त्याचा पों पों आवाज आधी कुठल्या वाड्यावरून येतो, कुठल्या वळणावर दबतो, घरासमोर केवढा होतो आणि नंतर कुठवर ऐकू येतो, हे डोळे मिटून ऐका. मध्ये कुत्रं भुंकेल, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होईल. त्यांना हाकलू नका, पण त्यांच्या मागे जाऊही नका. सायकल कुणाच्या दारात थांबली, किती पोयी (गव्हाचे गोल पाव) घेतल्या याचा हिशेब मन सुरू करेल. तेच ते निसटणं. परत आवाजावर या.

दुसरा आठवडा: पागोळी

हा माझा सगळ्यात आवडता खेळ. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा आपण 'कधी थांबतोय' म्हणत घालवतो. कौलारू घर असेल तर तुमच्याकडे ध्यानाचं साधन फुकट आहे.

ओसरीवर बसा. समोरच्या कौलांच्या ओळीतलं एक कौल निवडा, फक्त एक. त्याच्या टोकावरून पडणारा थेंब मोजायचा, एक ते दहा. दहा झाले की पुन्हा एक. मोजणी चुकली, अकरा-बारा झालं, शेजारच्या कौलाकडे नजर गेली, तर पुन्हा एकपासून. स्वतःला रागावू नका. सापशिडीत साप लागला की खाली येतो, तसं खाली यायचं आणि पुढे खेळायचं.

पाऊस कोसळत असताना धार लागलेली असते, तेव्हा हा खेळ जमत नाही. सर ओसरल्यावर बसा. थेंब जवळून बघा: कौलाच्या ओठाला आधी पाणी जमतं, पोट फुगतं, मान बारीक होते, क्षणभर लोंबकळतं आणि सुटतं. खाली अंगणात त्याच जागी वर्षानुवर्षं पडून खळगा झालेला असतो. थेंब सुटला की नाही मोजायचा, तो खळग्यात पडल्याचा आवाज आला की मोजायचा. मग डोळे आणि कान दोन्ही कामाला लागतात.

खरी गंमत पाऊस पूर्ण थांबल्यावर आहे. थेंब मंदावतात. दोन सेकंदांनी एक, मग पाच सेकंदांनी, मग दहा. मधल्या रिकाम्या जागेत मन झेप घेतं, कारण तिथे त्याला धरायला काही नसतं. तिथे काही करू नका. फक्त फुगत चाललेल्या थेंबाकडे बघत राहा. एका काकींनी मला सांगितलं, "सातवा थेंब पडायची वाट बघता बघता मी श्वास कधी सोडला तेच कळलं नाही." त्या नंतर आठ दिवस रोज संध्याकाळी बसल्या, आणि सर आली नाही त्या दिवशी चुकल्यासारखं वाटलं म्हणाल्या.

उन्हाळ्यात काय करायचं? शंकराच्या देवळात पिंडीवर गळती, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारं भांडं, बांधलेली असते, तिचा थेंब मोजा. शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर नळ किंचित ढिला करून खाली तांब्या ठेवा. तांब्या भरत जाईल तसा आवाज बदलतो, तेही ऐका. पाणी झाडांना घाला.

तिसरा आठवडा: अंग

इथे बरेच पर्याय देते, एकच घ्या.

फेरीबोट. जुने गोवे ते दिवाडी बेट अशी जा, किंवा तुमच्या सोयीची दुसरी कुठलीही. गाडीतून उतरून कठड्यापाशी उभे राहा, एक हात कठड्यावर. डोळे उघडेच ठेवा. सगळं लक्ष तळपायांत न्या. इंजिनाची थरथर टाचेतून वर येते, पोटरीपर्यंत पोचते. बोट किनारा सोडताना एकदा दचकते, मध्यावर मांडवी नदीची ओढ लागते तेव्हा अंग नकळत तोल सांभाळतं. हे सांभाळणं तुम्ही करत नसता, ते होत असतं, ते फक्त बघायचं. पलीकडचा धक्का येईपर्यंत पाच-सात मिनिटं होतात, तेवढी पुरेत. विज्ञानभैरवातलं हलतं आसन ते हेच. रोज पणजी-फोंडा बसनं जाणाऱ्यांनी खिडकीपाशी बसून असंच करावं. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र यातलं काहीही करू नका, आवाजाचा खेळसुद्धा नको.

समुद्र. मिरामारला किंवा जवळच्या किनाऱ्यावर, लाट जिथे शेवटची पसरते तिथे अनवाणी उभे राहा. लाट परत जाताना टाचांखालची वाळू ओढून नेते आणि पाय रुततात. घोटे झाकले जाईपर्यंत जागा सोडायची नाही, हाच खेळ. पाणी घोट्याच्या वर नको, आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो तेव्हा हा खेळ बंदच. जीवरक्षकानं हटकलं तर मुकाट्यानं मागे या.

घुमट. ज्याला आवाज आणि अंग दोन्ही एकत्र हवं त्यानं हे घ्यावं. घुमट म्हणजे दोन तोंडांचा मातीचा घडा, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये ते गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, आणि आता बायकांची आरती पथकंही गावोगाव दिसतात. चांगलं वाजवायला शिकायचं तर गुरू पाहिजे. ध्यानापुरतं मात्र एवढं करा: घुमट मांडीवर आडवं घ्या, डावा तळवा लहान तोंडाजवळ धरा, उजव्या हातानं कातड्यावर एक थाप द्या. डाव्या तळव्यावर वाऱ्याचा झोका येऊन आदळतो. पहिल्यांदा कळणार नाही, कारण लक्ष उजव्या हाताकडे असतं. पुन्हा थाप द्या. आता तळवा अर्धा मिटा आणि थाप द्या, नाद खोल जातो. पूर्ण उघडा, नाद मोकळा होतो. थाप उजव्या हाताची, ऐकणं डाव्या तळव्याचं. पाच मिनिटं सावकाश, एका श्वासाला एक थाप. ताल, लय, आरती, सगळं नंतर. घुमट नसेल तर पाण्याच्या रिकाम्या माठाच्या तोंडावर तळव्यानं थापटा, तोच झोका हाताला लागतो.

फुगडीबद्दल बायका हमखास विचारतात. हो, चालते, आणि छान चालते. हातांची अढी, पायाला पाय लावून दहा-बारा फेऱ्या, मग सावकाश थांबून लगेच जमिनीवर बसायचं. ध्यान तिथून सुरू होतं: खांब, तुळस, माणसं सगळं फिरत असतं, ते फिरणं हळूहळू कसं थांबतं ते शेवटपर्यंत बघायचं. ज्यांना चक्कर येण्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, मानेचं दुखणं आहे, दिवस गेलेले आहेत, त्यांनी यात पडू नये.

खाण्याचा खेळही थोडक्यात सांगते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला एक बेदाणा सावकाश खाण्याचा सराव जगभर शिकवला जातो. आपल्याकडे मे महिन्यात मानकुराद आंबा असताना बेदाण्याकडे कशाला जायचं? एक फोड घ्या, आधी वास, मग जिभेवर ठेवून चावायचं नाही, मग चावायचं आणि गिळताना घास कुठवर जाणवतो ते बघायचं. दुसरी फोड समोर ठेवू नका. ती असली की मन पहिलीवर राहत नाही.

अडेल कुठे

तीन गोष्टी हटकून होतात. झोप येते. मग डोळे उघडे ठेवा किंवा उभ्यानं खेळा, आणि रात्रीची झोप कमी पडत असेल तर आधी ती भरून काढा. कंटाळा येतो, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या दिवशी खेळ बदलायचा नाही. कंटाळा अंगात कुठे आहे ते शोधा: जबड्यात, खांद्यात की पोटात. आणि तिसरी, जरा नाजूक: गप्प झाल्यावर जुनं दुःख वर येतं. डोळे भरून आले तर येऊ द्या, पण छाती दडपली, भीती वाटली, जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं झालं तर ताबडतोब थांबा. डोळे उघडा, पाय जमिनीवर टेका, कुणाशी तरी बोला. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते.

'जमतंय की नाही' हे पाच मिनिटांत शोधू नका. बाकीच्या दिवसात बघा. मुलावर ओरडायच्या आधी आपला आवाज चढतोय हे आपल्यालाच ऐकू आलं, भाताला पाणी घालताना पाण्याचा आवाज ऐकला, असं काहीतरी बारीक घडतं.

चौथा आठवडा

आता खेळ संपल्यावर दोन मिनिटं नुसतं बसा. घंटेचा शेवटचा टोला विरल्यावर, शेवटची पागोळी मोजल्यावर, घुमट खाली ठेवल्यावर. हात मांडीवर, श्वास जसा चाललाय तसा. पहिले तीन आठवडे जे थेंबाबरोबर केलं तेच आता श्वासाबरोबर. दोनाची तीन मिनिटं, तिनाची पाच, आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. ज्यांना वाटतं की आपल्याला खेळातच राहायचं, त्यांनी खेळातच राहावं. आमच्यातले एक आजोबा तीन वर्षं फक्त पागोळी आणि गळती करताहेत, आणि त्यांना बसण्याचा आग्रह मी कधी केला नाही.

बाहेर सर ओसरत आली असेल तर आत्ताच ओसरीवर जा आणि एक कौल निवडा. पाऊस नसेल तर संध्याकाळी पोदेर यायच्या पाच मिनिटं आधी पायरीवर बसा. पोयींचे सुटे पैसे आधीच मुठीत घेऊन ठेवा, म्हणजे आवाज जवळ आल्यावर उठून शोधावे लागणार नाहीत.